पहिल्या झाडाचा नारळ

बाबा, ते झाड पडलं त्या वर्षी तुमचं जे वय होतं, त्याहून मी आज मोठी आहे. वर्तमानपत्राच्या नोकरीत मी आयुष्यभर ठरलेल्या वेळेला मजकूर दिला. ताप असताना दिला, आई गेली त्या आठवड्यातही दिला. हे एक पत्र तेवढं राहून गेलं. मागच्या महिन्यात कामासाठी आलापल्लीला गेले होते. परतताना बस मध्येच थांबली, ड्रायव्हर खाली उतरला, आणि रस्त्याच्या आतल्या बाजूनं कुऱ्हाडीचा आवाज आला. एक घाव, मग त्याचा पडसाद, मग पुढचा घाव. थंडीची सकाळ, सागाची पानं वाळून तांबडी झालेली. मी ऐकत बसले. आवाज थांबला तशी मी समोरच्या सीटचा दांडा दोन्ही हातांनी धरला. शेजारच्या बाई म्हणाल्या, "काऊन बाई, गाडी लागते का तुमाले?" मी हो म्हटलं. त्यांनी पिशवीतून लिंबू काढून दिलं. चंद्रपूर येईपर्यंत मी ते लिंबू हातात धरून होते, आणि तेव्हाच ठरवलं की हे आता लिहून टाकायचं.

माझ्या मुलांना कूप म्हणजे काय ते समजावून सांगावं लागतं: त्या वर्षी तोडायला आखून दिलेला जंगलाचा तुकडा. आणि मुकादम म्हणजे तोडणीची माणसं गोळा करून नेणारा, त्यांच्यासाठी जबाबदार असलेला माणूस, म्हणजे तुमचे आजोबा, असं मी सांगते. पुढची गोष्ट सांगत नाही. पहिल्या दिवशी पहिल्या झाडापाशी मुकादमानं नारळ फोडायचा, बुंध्याला कुंकू लावायचं, सगळ्यांच्या कुऱ्हाडी मुळाशी टेकवायच्या आणि जंगलाला विचारायचं की ही माणसं मी आणली आहेत, ती घरी परत जाऊ देशील ना. विचारायचं ते मुकादमानंच, कारण माणसं त्याच्या शब्दावर आलेली. दुसऱ्या कुणी फोडलेला नारळ चालत नसे आणि पूजा होईपर्यंत त्या जागी बाईमाणसानं फिरकायचं नसे. तुम्ही हे कितीतरी वर्षं केलंत. तुमच्या हाताला यश आहे असं लोक म्हणत. तुमच्या कुपात कुणी मेलं नव्हतं.

मग ते काळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक घरात आलं. सिरोंच्याकडचे एक तेलुगू कंपाउंडर गावात तापाची औषधं द्यायला यायचे, त्यांनी ते तुम्हाला दिलं. येशूच्या गोष्टींचं मराठी पुस्तक. तुम्हाला वाचता येत नव्हतं. मी सहावीत होते, घरात माझी शाळेची पुस्तकं सोडली तर तेवढंच एक पुस्तक, म्हणून मी तुम्हाला अक्षरं शिकवली ती त्यावरच. सकाळी चुलीपाशी तुम्ही उकिडवे बसता, कुऱ्हाडीच्या दांड्यानं घट्टे पडलेलं बोट ओळीखाली ठेवता आणि एकेक शब्द जोडता. अडलात की पुस्तक माझ्याकडे सरकवता, आणि मी वाचलं की संशयानं माझ्याकडे बघता. "हे खरंच असं लिवलं हाय का? का तू आपल्या मनानं वाचून राह्यली?" दोन वर्षांत तुम्ही ते पुस्तक संपवलंत आणि पुन्हा पहिल्या पानापासून सुरू केलंत. त्या पावसाळ्यानंतर प्राणहितेच्या पाण्यात तुम्ही बाप्तिस्मा घेतलात. आई काठावर तुमचे कोरडे कपडे घेऊन उभी होती. तुम्ही बाहेर आलात तशी म्हणाली, "न्हाऊन झालं असन तर आता जेवा." तुम्ही हसलात. आईलाही हसू आलं. आम्हाला वाटलं एवढंच आहे ते, एक दिवसाचं. कुपाचा हंगाम तोंडावर आला आहे, हे तेव्हा आमच्या कुणाच्या ध्यानात नव्हतं. तुमच्या असेल.

शेठजींची जीप अंगणात आली तेव्हा मी आठवीत होते. त्या वर्षी कुपाचा ठेका त्यांचा होता. लोक येऊन बसले होते, कुऱ्हाडी पाजवून ठेवल्या होत्या, झाडांवर खुणा झाल्या होत्या, आणि काम सुरू होत नव्हतं, कारण मुकादम नारळ फोडायला तयार नव्हता. शेठजी ओसरीवर बसले, चहा घेतला, आणि एक नारळ आणि कुंकवाची पुडी खाटेवर तुमच्यासमोर ठेवली. "देखो मुकादम, बल्लारपूरच्या माझ्या लाकडाच्या टालवर भरवशाचा माणूस पाहिजे. कायमचा. बारा महिने लाकूड मोजायचं, सावलीत बसायचं. खोली देतो. नळ आहे, बिजली आहे, पोरीची शाळा समोर आहे. फक्त एवढं कूप वेळेवर काढून दे."

"काढतो ना शेठजी. नारळ तेवढा नाई फोडत."

"अरे बापा, एक नारळ! तुझा येशू काय वर नारळ मोजत बसला आहे का?"

"नारळ नाई मोजत थो," तुम्ही म्हणालात, "हात पाह्यते."

शेठजी हसले. वाईट माणूस नव्हता तो. उठताना त्यांनी आईकडे बघून म्हटलं, "समजाव याला, बाई. सोमवारपर्यंत थांबतो. मग मला दुसरा मुकादम बघावा लागेल." नारळ त्यांनी मुद्दाम तिथंच ठेवला. आई तो उचलून बाहेर टाकायला निघाली तर तुम्ही म्हणालात, "राहू दे. खायाची चीज हाय, तिचा काय गुन्हा?" आईनं तो भिंतीतल्या कोनाड्यात ठेवला. तो तिथं होता तेवढे दिवस मी त्या कोनाड्याकडे पाठ करून बसत असे. शेंडीखालचे त्याचे तीन डोळे खोलीच्या आत वळलेले होते.

आता मला जे ठाऊक होतं ते सांगते. बल्लारपूरची ती खोली मी पाहिली होती. उन्हाळ्यात तुम्ही टालवर गेलात तेव्हा मला सोबत नेलं होतंत. तुम्ही मुनीमजींशी बोलत होतात आणि मी आत शिरले. रिकामी खोली, चुन्याच्या भिंती, छताला लोंबणारा बल्ब आणि दाराजवळ काळं गोल बटण. मी ते खाली केलं, दिवा लागला. वर केलं, विझला. पुन्हा खाली केलं. बाहेर कागदाच्या मिलचा तो उग्र वास भरून राहिला होता, लोक नाकाला रुमाल लावतात तो, आणि मला तो वासही आवडला. मी हे कुणाला सांगितलं नव्हतं.

शुक्रवारी सगळी तुकडी आपल्या अंगणात आली. बोलायला पुढे झाले ते आजा, तुकडीतले सगळ्यात जुने कुऱ्हाडवाले. सगळे त्यांना आजाच म्हणत. त्यांच्या डाव्या हाताला दोन बोटं कमी होती आणि त्यांचा धाकटा भाऊ दुसऱ्या मुकादमाच्या कुपात झाडाखाली गेलेला होता, हे सगळ्या गावाला माहीत होतं. ते जमिनीवर बसले आणि बराच वेळ चिलीम भरत राहिले.

"मुकादमभाऊ, तुमी किरिस्तान झाले, चांगलं झालं. दारू सोडली, आमाले बी दोन शब्द चांगले सांगता. आमची काई तकरार नाई. पन झाडाले काय माईत तुमी किरिस्तान झाले म्हून?"

लोक हसले. तुम्हीही हसलात. मग आजा हसले नाहीत हे बघून सगळे गप्प झाले.

"कोनीतरी इचारलं पायजे ना भाऊ," आजा म्हणाले. "इचारल्याबिगर आत जाता येत नाई. जंगल घेते मंग एखाद्याले."

"आजा, तुमची भीती खोटी नाई," तुम्ही म्हणालात. "पन मी आता तिथी हात जोडीन थे खोटे. मनात एक अन् हातात दुसरं. अशा हातावर तुमी आपला जीव ठिवसान का?"

आजांनी चिलीम जमिनीवर झाडली. उठताना त्यांनी तुमच्या खांद्यावर हात ठेवला, धोंडा ठेवावा तसा. "सोमवारपर्यंत पाह्यतो," ते म्हणाले. शेठजींनी दिलेलाच वायदा. ते गेल्यावर आई तुमच्याशी भांडली नाही. तांदूळ निवडत ती एवढंच म्हणाली, "माह्यासाठी नोका फोडू. पोट्टीसाठी तरी." तुम्ही पुस्तक उघडलंत, पण त्या दिवशी ओळीखाली बोट फिरलं नाही. मी बघत होते.

रविवारी तुम्ही प्रार्थनेला पायी अहेरीला गेलात. आई धानाच्या कापणीवर गेली. दुपारी मी नारळ, कुंकवाची पुडी आणि कोयता ओढणीत गुंडाळून निघाले. कोणतं झाड पहिलं ते सगळ्यांना ठाऊक होतं. पाणवठ्याच्या पायवाटेला लागून, बुंध्यावर चुन्याचा पट्टा. भर दुपार होती तरी आत गेल्यावर ऊन नुसतं वरच्या वर राहतं, खाली येत नाही. वाळलेल्या पानांवर माझ्याच पावलांचा आवाज मला माझ्या मागून आल्यासारखा वाटत होता. ओढ्यापलीकडे वानरं एकदम खेकसायला लागली, जनावर दिसल्यावर खेकसतात तशी, आणि मग तितकीच एकदम गप्प झाली. मी परत फिरले नाही. नारळ दगडावर आपटला तर तो फुटेना, घरंगळून मुळाशी गेला, आणि मला वाटलं झाडानंच तो घेतला. मग मी कोयत्याच्या पाठीनं ठोकून तो फोडला. पाणी सगळं मातीत गेलं. कुंकू लावलं. काय विचारायचं असतं ते मला माहीत होतं, पण ते शब्द मुकादमाचे होते, मला म्हणता आले नाहीत. मी तशीच उभी राहिले. कोयत्याच्या टोकानं खोबऱ्याचा एक तुकडा काढून खाल्ला. मग ओढ्यावर वाळूनं हात घासून घरी आले.

सोमवारी सकाळी तुम्ही चहा पीत होतात. आरा चालू झाल्याचा आवाज लांबून आला, दोन माणसांनी ओढायच्या मोठ्या आऱ्याचा तो घसघस आवाज. तुम्ही कप खाली ठेवलात. आईकडे बघितलंत, तर आई तोंड वळवून हसत होती. तिला वाटलं, तुम्हीच कुणाला न सांगता उरकून आलात. मग तुम्ही कोनाड्याकडे बघितलंत. मी चुलीत फुंकर घालत होते. तुम्ही चप्पल न घालता निघालात, आणि आईनं भाताचा डबा देऊन मला तुमच्या मागोमाग पिटाळलं. "पूजा झाली ना आता, जा बिनघोर," ती म्हणाली.

मी पोचले तेव्हा शेठजी तुमचा हात हातात घेऊन हलवत होते. "मान गए मुकादम! ही घे खोलीची किल्ली. सीझन संपला की सामान घेऊन ये." त्यांनी सगळ्यांदेखत किल्ली तुमच्या मुठीत दाबली. आरा झाडाच्या अर्ध्याहून आत गेला होता. मुळाशी नारळाच्या दोन्ही वाट्या तशाच होत्या आणि खोबऱ्यावर लाकडाचा भुसा पडत होता. तुम्ही वाकलात. एक वाटी उचललीत, बोटानं भुसा झटकलात, बघितलीत आणि परत जागेवर ठेवलीत. मी डबा छातीशी धरून उभी होते. तुम्ही माझ्याकडे बघितलं असतंत तर मी तिथंच सगळं सांगितलं असतं असं मला पुष्कळ वर्षं वाटत आलं. तुम्ही बघितलं नाहीत.

"आरा थांबवा," तुम्ही म्हणालात. "हे मी नाई केलं."

शेठजी जवळ सरकले. हळूच म्हणाले, "चूप बस ना यार. झालं ना काम? कोण विचारतंय?"

"तेच तर शेठजी. कोनी इचारून नाई राह्यलं." तुम्ही जीपपाशी गेलात, किल्ली बॉनेटवर ठेवलीत. किल्लीचा तो टक् आवाज मला अजून ऐकू येतो. "आजा, तुमी माह्या भरवशावर आरा लावला म्हून सांगतो. नारळ माह्या हातचा नाई. माह्या सांगण्यावरून बी नाई."

"मंग कोनं फोडला?"

"थे मले पुसू नका."

आजांनी वाट्यांकडे बघितलं, मग वर शेंड्याकडे. त्यांनी आपली कुऱ्हाड उचलली. एकेक करून सगळ्यांनी उचलल्या. आरा ओढून काढला. शेठजी कपाळाला हात लावून जीपमध्ये बसले आणि त्यांची जीप गेली. तुकडी वाटेच्या पलीकडे जाऊन उभी राहिली आणि मध्ये ते झाड, अर्धं कापलेलं, उभं. वारा नव्हता. तरी आतून करकर असा आवाज येत होता. थांबत होता आणि पुन्हा येत होता. थोड्या वेळात पाणवठ्याला जाणाऱ्या बायका त्याच वाटेनं येणार होत्या.

"जाऊ द्या भाऊ," आजा लांबून म्हणाले. "हात नोका लावू त्याले."

"वाटेवर असं उभं ठिवून कसं जाऊ?" तुम्ही एकाची कुऱ्हाड घेतलीत. त्या सकाळी पहिल्यांदा तुम्ही माझ्याकडे वळलात. "बाई, मांगं हो." मी मागे झाले. "अजून मांगं." मग तुम्ही बुंध्यावर तळहात ठेवलात आणि डोळे मिटलेत. ओठ हलताना मला दिसले, शब्द ऐकू आले नाहीत. तुम्ही काय मागितलंत ते मी तुम्हाला कधी विचारलं नाही. मग घाव सुरू झाले. झाड तुम्हाला हवं होतं तिकडेच पडलं, वाट सोडून, अगदी नेमकं. मी श्वास सोडला, आणि त्याच क्षणी तुटलेला बुंधा मागं उसळला.

जी माणसं कुऱ्हाडी उचलून बाजूला झाली होती, तीच धावली. त्यांनीच ओंडका उचलला, त्यांनीच खाट आणली आणि खांदे बदलत तुम्हाला डांबरी रस्त्यापर्यंत नेलं. सगळ्यात पुढं आजा होते, त्या वयात. चढावर ते धापा टाकत म्हणाले, "मुकादमभाऊ, तुमच्या देवाले सांगा जरा वजन कमी कराले." तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "सांगतो." मी खाटेच्या बाजूनं डबा घेऊन पळत होते. डबा टाकून द्यावा हे मला सुचलं नाही.

उजवा पाय गुडघ्याखाली गेला. कूप दुसऱ्या मुकादमानं काढलं, टालवर दुसरा माणूस लागला. तुम्ही आलापल्लीच्या रस्त्यावर सायकलींचे पंक्चर काढायला बसलात, मागं ते काळं पुस्तक खोक्यावर ठेवलेलं. गावात दोन गट पडले. विचारलं नाही म्हणून जंगलानं पाय घेतला, असं अर्धे म्हणत. त्याच्या देवानं जीव वाचवला, असं बाकीचे. दोन्हीकडचे लोक तुमच्याकडेच यायचे आणि तुमच्यासमोर वाद घालायचे. तुम्ही म्हणायचात, "बसा दोघंबी. हवा भरून देतो." तो नारळ कुणी ठेवला याबद्दल तुम्ही घरात एक शब्द काढला नाहीत. आईनं माझ्याकडे एकदा बघितलं, मग तिनंही विषय काढला नाही. मी कंदिलाच्या उजेडात शिकले. तुम्ही शेवटच्या वेळी आजारी पडलात तेव्हा मी चंद्रपूरला कॉलेजात होते आणि त्या सोमवाराला सहा-सात वर्षं होत आली होती.

दवाखान्यातली ती दुपार. आई औषधं आणायला खाली गेली आहे. तुम्ही बऱ्याच वेळानं डोळे उघडता, बोटानं मला जवळ बोलावता. मला वाटतं पाणी हवं आहे. तुम्ही म्हणता, "त्या नारळाचा एक तुकडा कमी होता वं." मी भरलेला पेला खाली ठेवते. "एका वाटीत कोयत्यानं काढल्यावानी. भूक लागली होती का तुले?" मी म्हणते, "हो बाबा." तुम्ही मान हलवता, हिशेब जुळल्यासारखी. "तुही माय कापनीले गेली होती. उपाशीच असशील मनलं." आणि तुम्ही डोळे मिटता. इतकी वर्षं तुम्ही माझ्यासाठी ते कारण शोधून ठेवलं होतंत. कुणी विचारलं असतं तर तुम्ही तेच पुढं केलं असतंत, एका भुकेल्या पोरीचं.

मी रविवारी प्रार्थनेला जाते, बाबा. शेवटच्या बाकावर बसते, जिथून लवकर निघता येतं. लोकांनी विचारलं तर तुमच्याबद्दल सांगते आणि सांगताना थोडी ताठ बसते. एकदा हे सगळं तुमच्या कबरीपाशी जाऊन मोठ्यानं म्हणावं असंही वाटलं होतं, पण गेले, गवत उपटलं आणि परत आले. हे पत्रही इथंच राहणार आहे, लिहायच्या टेबलाच्या खणात. फक्त एक दुरुस्ती करायची होती, तुम्हाला जे खोटं सांगितलं त्याची. आईनं त्या दिवशी भात झाकून ठेवला होता. मी तो पोटभर खाऊन निघाले होते. जंगल कुणाला घेईल, तुम्हाला घेईल, अशी भीतीही मनात नव्हती. ती मी नंतर, मोठी झाल्यावर त्या आठवणीत घातली. मला ती खोली हवी होती. आत्ताही भर दुपार आहे, खिडकीतून चांगलं ऊन येतंय, आणि मी दिवा लावून बसले आहे.